कारभाराची पक्वता कशी ओळखावी?



उसाची पक्वता कशी पाहायची हे आपणांस नव्याने सांगावयास नको. शेतकी विभागाचा माणूस ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात येतो. बुडख्याकडच्या कांड्याचा रस काढतो, शेंड्याकडच्या कांड्याचा काढतो आणि दोन्ही आकडे ताडून पाहतो. बुडख्याचा आकडा मोठा आणि शेंड्याचा बराच लहान, तर ऊस अजून कच्चा. दोन्ही आकडे जवळजवळ आले की ऊस तोडीला आला. आणि शेंड्याचा आकडा बुडख्याच्या वर गेला, तर ऊस पिकून उतरणीला लागला. नुसते पाचट वाळले किंवा तुरा आला म्हणून ऊस पिकला, असे जाणता शेतकरी म्हणत नाही.

या पाठात आपण हेच मोजमाप कारखान्याच्या कारभाराला लावून पाहणार आहोत. संगणकाचे लोक या विषयाला ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ म्हणतात. नाव जड आहे, विषय जड नाही. आपण त्याला ‘कारभाराचा आराखडा’ म्हणू.

चार भावांनी एकाच वाड्यात आपापल्या सोयीने बांधकाम काढले, एकाने गोठा, एकाने कोठार, एकाने माडी, तर प्रत्येकाचे काम चांगले होऊनही शेवटी बैलगाडी आत न्यायला वाट उरत नाही. कारखान्याचेही तसेच होते. शेतकी विभागाचे नोंदणी रजिस्टर, तोडणी-वाहतुकीचे करार, वजनकाट्याच्या पावत्या, प्रयोगशाळेचे उताऱ्याचे आकडे, हिशेब विभागाचे ऊसबिल, शेअर विभागाचे सभासद रजिस्टर, हे सगळे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या साहेबांच्या हाताखाली उभे राहिलेले असते. कोणती नोंद कोठे जन्मते, तिचा मालक कोण, ती पुढे कोणाकोणाला लागते आणि ती बदलायचा अधिकार कोणाला, हे सर्व एका कागदावर मांडणे म्हणजे आराखडा. जॉन झॅकमन या अमेरिकन गृहस्थांनी १९८७ साली घर बांधणाऱ्या वास्तुकाराच्या नकाशांचाच दाखला देऊन हा विचार मांडला. पहिल्या लेखात त्यांचे प्रश्न तीन होते : काय, कसे आणि कोठे. १९९२ साली जॉन सोवा यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात आणखी तीन आले : कोण, केव्हा आणि का. आपल्या गावातला कोणताही जुना कारभारी हेच सहा प्रश्न विचारी, फक्त त्याला कोणी लेख लिहायला सांगितला नाही!

आता पक्वतेकडे वळू. पायऱ्या पाडून पक्वता मोजण्याची रीत फिलिप क्रॉसबी यांनी १९७९ साली कारखान्यांतील मालाच्या गुणवत्तेसाठी लिहून ठेवली. पुढे पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संस्थेत वॉट्स हम्फ्री यांनी ती संगणकाच्या कामाला लावली, आणि तिच्या पाच पायऱ्या जगभर रूढ झाल्या. त्या आपल्या भाषेत अशा सांगता येतील. पहिल्या पायरीवर सगळा कारभार माणसाच्या डोक्यात असतो. चिटबॉयला सगळे फड पाठ, ओव्हरसियरला सगळे शेतकरी तोंडओळखीचे, पण तो माणूस निवृत्त झाला की नोंद त्याच्याबरोबर घरी गेली. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक विभागाची स्वतःची वही होते. काम दरवर्षी तसेच करता येते, पण एकाची वही दुसऱ्याला लागत नाही. तिसऱ्या पायरीवर सर्व विभागांसाठी एकच लेखी नियम होतो. चौथीवर चूक किती आणि उशीर किती हे आकड्यात मोजले जाते. पाचवीवर त्या आकड्यांवरून कारभार दर हंगामाला स्वतःच सुधारत जातो. आपल्याकडच्या बहुतेक संस्था, सहकारी असोत की सरकारी, दुसरी आणि तिसरी यांच्या मधल्या उंबऱ्यावर अडकतात असे आमचे मत आहे. संगणक आला म्हणून पायरी चढली असे होत नाही. पाच विभागांत पाच संगणक आणि पाचांत पाच याद्या, ही दुसरीच पायरी. फक्त वही विजेवर चालते एवढेच.

अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २००२ साली तिथल्या केंद्रीय खात्यांना हेच माप लावले, तेव्हा बहुतेक खाती खालच्या पायऱ्यांवरच निघाली. त्यांच्या तक्त्यात सुरुवातीच्या पायऱ्यांवर यंत्राचा प्रश्न नव्हता. प्रश्न असे होते : वरिष्ठांना याची जाणीव आहे का? जबाबदार माणूस नेमला आहे का? समिती आहे का? आपल्या देशातही केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ साली सरकारी खात्यांसाठी असा आराखडा प्रसिद्ध केला आहे.

हे सगळे मोठ्या लोकांचे झाले. आपल्याला याचे काय?

काय ते २०२१-२२ च्या हंगामाने दाखवले. नाथसागर भरलेला, डाव्या कालव्याला पाणी, त्यामुळे अंबड, घनसावंगी, परतूर भागात उसाचे क्षेत्र वाढले. मे महिना चालू झाला तरी जालना आणि बीड जिल्ह्यांत ऊस फडात उभा होता. वाढे सुकत होते, टोळ्या गावाकडे परतत होत्या. शेवटी १ मे २०२२ नंतर गाळप होणाऱ्या उसाला शासनाने टनाला २०० रुपये घट-उताऱ्याचे अनुदान जाहीर केले, लांबच्या वाहतुकीलाही मदत दिली. दोष नुसत्या नोंदीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. क्षेत्र वाढले, कोयते कमी पडले, गाळप क्षमता ती किती! आराखडा चांगला असता म्हणून गव्हाण रुंद झाली नसती. पण ऊस शिल्लक राहणार, आणि साधारण किती राहणार, हे मार्चऐवजी ऑक्टोबरात कळले असते. ऑक्टोबरात कळले तर दुसऱ्या कारखान्याशी बोलता येते, टोळ्यांचे जास्तीचे करार करता येतात. मार्चमध्ये कळले तर चेअरमनच्या दारात गर्दी करता येते, दुसरे काय.

हिशेब करून पाहा. समजा, एक कारखाना रोज २,५०० टन गाळतो आणि १६० दिवस चालतो. म्हणजे ४ लाख टन. नोंद आहे ५,००० हेक्टरची आणि हेक्टरी ८० टन धरले, तर तेही ४ लाखच. कागदावर सगळे जमले. आता नोंदीपेक्षा प्रत्यक्षात ऊस फक्त दहा टक्के जास्त निघाला, तर ४०,००० टन वाढले, म्हणजे गाळपाचे १६ दिवस. हे १६ दिवस हंगामाच्या शेवटाला, मराठवाड्याच्या उन्हात येतात. आणि ते कोणाच्या उसावर येतात? ज्याची ओळख कमी, त्याच्या.

उलट चूकही होते. एकाच फडाची नोंद दोन-तीन कारखान्यांकडे केलेली असते. यात शेतकऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्याची तोड वेळेवर येईल याची खात्री नाही तो दोन दारे ठोठावणारच. पण त्यामुळे प्रत्येक कारखान्याची यादी आपापल्या जागी बरोबर आणि सगळ्यांची बेरीज चूक, असा प्रकार होतो. राज्याच्या साखर आयुक्तालयाने २०२२ साली ‘महा-ऊसनोंदणी’ हे मोबाईलवरचे ॲप काढले, त्यामागे ऊस नोंदणीची हीच अडचण आहे.

आता सर्वांत उपयोगाचा भाग. सभासदाने घरबसल्या पक्वता कशी तपासावी? उसाला लावतो तीच रीत : बुडखा आणि शेंडा ताडून पाहा. एकच लागण घ्या, स्वतःची. चिटबॉयच्या वहीत तिची लागण तारीख काय आहे? गट ऑफिसच्या रजिस्टरला काय आहे? मुख्य कार्यालयाच्या संगणकावर काय आहे? तिन्ही ठिकाणी तीच तारीख, तोच गट नंबर, तेच क्षेत्र असेल तर कारभार पिकत आला आहे. चिटबॉयच्या वहीत १५ जानेवारी आणि वरती १ फेब्रुवारी असेल तर कारभार कच्चा, मग संचालक मंडळाच्या हॉलमध्ये भिंतीएवढा पडदा का असेना. पंधरा दिवसांच्या फरकाने तोडणीच्या क्रमवारीत आपण कितीतरी नंबर मागे जातो.

जातीच्या नावाचेच बघा. को ८६०३२ ही जात एका वहीत ‘८६०३२’ म्हणून, दुसरीत ‘नीरा’ म्हणून, तिसरीत ‘शहाऐंशी-बत्तीस’ म्हणून लिहिली गेली, तर शेतकऱ्याला ते एकच आहे हे कळते, संगणकाला त्या तीन जाती वाटतात. मग को ८६०३२ खाली किती क्षेत्र आहे, याचे उत्तर तीन तुकड्यांत येते, आणि तोडणी कार्यक्रम ठरवणारा माणूस अंदाजावर जातो. एक ठरावीक शब्द आणि तो सर्वांनी वापरायचा, एवढ्या साध्या नियमावर तिसरी पायरी उभी असते.

सभासद क्रमांकाची गोष्ट याहून गंभीर. एकाच माणसाचा शेअर नंबर वेगळा, ऊस पुरवठादार कोड वेगळा, सोसायटीचे खाते वेगळे, बँकेचे वेगळे. वडील वारतात, सात-बारावर वारस लागतात, पण शेअर रजिस्टरला वडीलच राहतात. ऊस मुलाच्या नावाने जातो, सोसायटीची कपात वडिलांच्या नावाने निघते, आणि बिल मध्येच अडकते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज द्यायचे. पण नावच जुळत नाही म्हणून थांबलेल्या बिलाचा उशीर कोणाच्या खात्यावर टाकायचा, यावर दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात. नोंदीचा मालक ठरलेला नसला की असेच व्हायचे.

वारणेचे उदाहरण या ठिकाणी सांगितलेच पाहिजे. १९९८ साली केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगलीकडील वारणा परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे काढली. हेतू मोठा होता : बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण, सरकारी दाखले, सगळे गावात. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी ती केंद्रे वापरली मुख्यतः आपल्या ऊस-नोंदीसाठी, वजनासाठी आणि बिलासाठी. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरच्या संदेशाने हीच माहिती देण्याचा प्रयोग केला आणि तो शेतकऱ्यांना पसंत पडला. काही लोक यावरून मोठा प्रकल्प फसला असे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. केंद्रातला संगणक जाऊन हातात फोन आला तरी काम चालले, याचे कारण मागची ऊस-नोंद जुळलेली होती. जिथे मागे जुळलेली नोंद नव्हती ते बेत मागे पडले. यंत्र बदलता येते, नोंद जुळवायला हंगाम लागतात.

एक शंका येईल : लेखापरीक्षणात ‘अ’ वर्ग मिळाला तर कारभार पक्व नाही का? ती परीक्षा निराळी. ती पैसा आणि हिशेब पाहते आणि ती हवीच. पण शेतकी विभागाची तारीख आणि मुख्य कार्यालयाची तारीख जुळते का, हे ताळेबंदात दिसत नाही. दुसरीही एक सूचना. शेंड्याचा ब्रिक्स बुडख्याच्या वर गेला की ऊस उतरतो, तसे कारभाराचेही होते. एका तोडीला सात सह्या, चार प्रती, दोन ॲप आणि वर पुन्हा वही, असे झाले तर ती पक्वता नव्हे. कोणी वाचत नाही ती नोंद बंद करणे, हेही आराखड्याचेच काम आहे.

तपासणी करायला परवानगी लागते का? स्वतःच्या व्यवहारापुरती नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क आहे. वार्षिक सभेत उठून ‘संगणकावर किती खर्च केला’ एवढेच विचारू नये. लागण तारखेच्या नोंदीचा मालक कोण, गेल्या हंगामात नोंदलेले क्षेत्र आणि तुटलेले क्षेत्र यांत फरक किती, आणि मयत सभासदांच्या नावावर किती शेअर्स आहेत, हे तीन प्रश्न लेखी द्यावेत. तिन्हींची उत्तरे आकड्यात आणि एकाच दिवशी मिळाली तर चौथी पायरी गाठली असे खुशाल समजा. ‘पाहून सांगतो’ असे उत्तर आले तर कोणाकडे पाहणार, ते मात्र तिथेच विचारून घ्यावे.

नोंदीची पावती हाती आली की घडी करून खिशात टाकू नका. सभासद क्रमांक, गट नंबर, लागण तारीख आणि जात या चार गोष्टी सात-बारा शेजारी धरून वाचा. चूक असेल तर दुरुस्ती अर्ज गट ऑफिसात द्या आणि पोच घ्या. वारस नोंद बाकी असलेल्यांनी मृत्यूचा दाखला व वारसाची कागदपत्रे घेऊन शेअर विभागात बॉयलर पेटायच्या आत यावे. हंगाम सुरू झाला की त्या खिडकीवर उभे राहायला जागा मिळत नाही.