शिक्रा : ओळख व सवयी

कोंबडीचे पिलू नाहीसे झाले म्हणजे पुष्कळदा जवळच्या झाडावर बसलेल्या पक्ष्यास दगड बसतो. परंतु तो पक्षी कोणता, याची खात्री क्वचितच केली जाते. गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्यांजवळ, आमराईत व तलावांच्या काठी जो लहान शिकारी पक्षी आढळतो, तो बहुधा शिक्रा होय. त्याची नीट ओळख प्रत्येक शेतकऱ्यास असावी.

शिक्रा सुमारे पारव्याएवढा असतो. नराची पाठ निळसर राखी असून पांढऱ्या पोटावर तांबूस, बारीक आडव्या रेघा असतात. डोळा लाल असतो. मादी नराहून मोठी असून तिच्या पाठीवर तपकिरी झाक व डोळा पिवळा असतो. लहान वयाच्या शिक्र्याच्या छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे तपकिरी ठिपके दिसतात. उडताना तो चारदोन वेळा पंख जलद हालवितो व मग तरंगत जातो.

येथे एक मोठा घोटाळा होतो. ‘पेर्ते व्हा’ म्हणून ओरडणारा पावशा रंगाने व उडण्याच्या ढबीने थेट शिक्र्यासारखा दिसतो. म्हणून चोच व पाय पाहावे. शिक्र्याची चोच आखूड व आकड्यासारखी वाकलेली, पाय पिवळे व नख्या बळकट असतात. पावशाची चोच बरीच सरळ असून त्याच्या पायांस शिकारी नख्या नसतात. पावशा मुख्यत्वे सुरवंट व किडे खातो. त्यास शिक्रा समजून मारणे म्हणजे निरपराध्यास शिक्षा करणे होय.

शिक्रा दाट पानांत दबा धरून बसतो व भक्ष्यावर एकाएकी झडप घालतो. सरडे, पाली, टोळ, उंदीर, खारी व लहान पक्षी हे त्याचे खाद्य. यांतील उंदीर व टोळ पिकाचे शत्रू आहेत; सरडे मात्र स्वतःच किडे खातात. तेव्हा शिक्रा आपल्या हिताकरिता शिकार करितो असे नव्हे, तरी शेतातील जिवांचा तोल राखण्यात त्याचा वाटा आहे. मार्च ते जून या काळात तो उंच झाडावर काटक्यांचे घरटे बांधतो व मादी बहुधा तीन-चार अंडी घालते.

शिक्रा प्रसंगी कोवळे पिलू उचलतो, हे खरे. घारही तेच करिते. यावर उपाय दगड नसून डाले होय. पिले मोठी होईतोपर्यंत डाल्याखाली अगर जाळी घातलेल्या जागेत ठेवावी. शिवाय, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये शिक्रा मारणे अगर पकडणे हा गुन्हा आहे. ज्याच्या हाती डाले आहे, त्याने दगड उचलण्याचे कारण नाही.