छातीच्या वॉर्डात रुजू होणाऱ्या भाचीस



तुझी नेमणूक छातीच्या वॉर्डात झाल्याचे वृत्त तुझ्या पत्रावरून कळले, आणि तेथील यंत्रांविषयी जी धास्ती तू व्यक्त केली आहेस ती वाचून सविस्तर उत्तर लिहावे असे वाटले. यंत्रे तू थोड्याच दिवसांत शिकशील. मला चिंता वाटते ती निराळ्या गोष्टीची. रुग्णाच्या तक्त्यावर ताप, नाडी आणि रक्तदाब यांच्या शेजारी श्वसनाचा जो रकाना असतो, तो आपल्या व्यवसायात सर्वांत उपेक्षित राहिला असून, कित्येक ठिकाणी न मोजताच त्यात ‘20’ हा आकडा ओळीने भरून टाकला जातो. आणि जेथे माणसे श्वासापायीच दाखल होतात त्या वॉर्डातही असे घडावे, ही मला अत्यंत खेदाची गोष्ट वाटते.

प्रौढ माणूस स्वस्थ असताना मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो. प्रकृती ढासळू लागली म्हणजे रक्तदाब उतरण्याच्या पुष्कळ आधी हा आकडा चढू लागतो, आणि तो 25 वर पोचला की डॉक्टरांना तत्काळ वर्दी गेली पाहिजे. म्हणून पुरते एक मिनिट मोज. पंधरा सेकंदांची चौपट करून वेळ वाचवू नकोस. आपण श्वास मोजीत आहोत हे रुग्णास कळू देऊ नये, कारण ते कळताच त्याच्या श्वासाची स्वाभाविक लय बिघडते. नाडी मोजून झाल्यावरही मनगट तसेच हाती ठेवावे आणि दृष्टी मात्र छातीकडे वळवावी, ही जुन्या परिचारिकांची रीत आजही सर्वोत्तम आहे.

त्याच मिनिटात इतरही पुष्कळ दिसते. रुग्ण गुडघ्यांवर हात टेकून पुढे झुकून बसला आहे काय, श्वास सोडताना ओठ आवळून घेतो काय, मानेचे स्नायू ताणले जाऊन बरगड्यांमधील जागा आत ओढली जाते काय, रात्री किती उशा घेऊन निजतो, आणि एक वाक्य सलग पूर्ण करतो की दोन शब्दांगणिक धाप लागून थांबतो, हे सारे त्याला स्पर्श करण्यापूर्वीच पाहून घ्यावे. नंतर कानाचा उपयोग. 1816 साली पॅरिस येथे लेनेक या वैद्याने कागदाची सुरळी करून छातीचा ध्वनी ऐकला, तेव्हापासून स्टेथोस्कोप वैद्यकाचे चिन्हच होऊन बसला आहे. परंतु त्यातून काही ऐकू न येणे हीदेखील मोठी वार्ता असते, हे नवशिक्या मुलींना कोणी सांगत नाही. दम्याच्या तीव्र झटक्यात छातीतील सूं सूं एकाएकी थांबली आणि रुग्ण मात्र थकून मलूल होत चालला, तर त्याला उतार पडला असे समजू नकोस; हवेची ये-जाच बंद पडत आली आहे असे समज आणि धाव घे.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबण्यापूर्वी बोट गार आहे काय, नखाला रंग आहे काय, हे पाहावे. ऑक्सिजन जितका अधिक तितका बरा, अशी नातेवाइकांची समजूत असते व नळी उघडण्याविषयी ते आग्रह धरतात. परंतु फुप्फुसाच्या जुनाट अवरोधक विकाराच्या ज्या रुग्णांच्या रक्तात कर्बवायू साठण्याचा धोका असतो, त्यांच्या बाबतीत रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान राखण्याची आज्ञा असते, आणि त्या मर्यादेपलीकडे ऑक्सिजन दिल्यास रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. छातीत नळी घातलेल्या रुग्णाची बाटली सदैव छातीच्या पातळीखाली असावी. तीतील पाणी श्वासाबरोबर वरखाली हलत असते. ते हलेनासे झाले तर नळी दुमडली, तुंबली, की फुप्फुस पूर्ण फुलले, याचा निर्णय डॉक्टरांचा, परंतु खबर देणे तुझे काम.

बेडक्याची किळस मानू नकोस. त्याचा रंग, वास, प्रमाण, त्यात रक्त आहे काय, असल्यास ते लालभडक व फेसाळ आहे काय, याची नोंद ज्या केस-पेपरवर नसते तो अपुरा समजावा.

आणि आता ज्या गोष्टीविषयी मला फार वाटते ती. बायकांना ‘विडी ओढता का?’ एवढेच विचारून, ‘नाही’ हे उत्तर लिहून तपशील संपवला जातो. वस्तुतः चुलीपुढे, धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या स्त्रीचे फुप्फुस विडीवाचूनही जळालेले असते. स्वयंपाक कशावर करता, हे विचार. पुरुषांना जन्मभराचा धंदा विचार. मुंबईच्या गिरणगावात कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांची छाती आठवड्याच्या सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी अधिक आवळे. ते कोणी विचारले तरच कळे.

क्षयाचा रुग्ण घरी जातो म्हणून त्याच्या सुटीच्या कागदावर सही होताच आपली जबाबदारी संपत नाही. औषधे नियमाने घेतली तर घरी राहूनही सॅनेटोरियमइतकाच गुण येतो, हे मद्रासच्या प्रयोगाने 1959 सालीच दाखवून दिले. त्यातला ‘नियमाने’ हा भाग रुग्णाच्या गळी उतरवणे आपल्याच हाती आहे. खिडक्या उघड्या ठेवायला सांग, आणि मास्क स्वतःही चुकवू नकोस.

दम्याचा विकार पहाटे अधिक बळावतो, आणि रात्रपाळीच्या मुली थकतात त्याही त्याच प्रहरी. तेवढी एक फेरी, बाळ, कधीही चुकवू नकोस.

तुझी,
मावशी