पुराची रेषा आणि पुराचा विमा

नदीकांठीं राहणाऱ्या मनुष्यास दोन गोष्टींचें ज्ञान असणें अवश्य आहे. पाणी आपल्या दारापर्यंत येण्याचा संभव किती, ही पहिली. आणि तें आलें तर झालेली हानि कोण भरून देणार, ही दुसरी. पहिल्या गोष्टीविषयीं बहुतेक लोक वाडवडिलांच्या आठवणीवर विसंबतात आणि दुसरीविषयीं सरकारावर. हे दोन्ही आधार कितपत पुरे पडतात, हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एका डोंगराळ भागाच्या उदाहरणावरून आपण ह्या धड्यांत पाहूं. तेथें पुराच्या विम्याची सरकारी योजना पन्नासांहून अधिक वर्षें चाललेली आहे. तेव्हां तिचे गुण व दोष दोन्ही शिकण्याजोगे आहेत.

केंटकींतील पूर

केंटकी संस्थानाच्या पूर्वेस पेरी, नॉट, लेचर व ब्रेथिट ह्या काऊंट्या आहेत. काऊंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा, परंतु स्वतःचा कारभार असलेला मुलूख. हा सर्व प्रदेश अपलेशियन डोंगरांचा. डोंगर उभे, खोरीं अरुंद, आणि सपाट जागा काय ती ओढ्याच्या कांठीं. त्यामुळें रस्ता, शाळा, दुकान व घर हीं सर्व पाण्याला लागूनच असतात.

इ. स. २०२२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस तेथें अतिवृष्टि झाली, आणि लोक निजलेले असतां ओढे चढले. व्हाइट्सबर्ग गांवीं नदीचा पूर्वींचा उच्चांक १९५७ सालचा, सुमारें १४.७ फुटांचा होता. ह्या वेळीं पाणी २० फुटांच्याही वर गेलें. चाळिसांहून अधिक माणसें मेलीं व हजारों घरांची हानि झाली. म्हाताऱ्या माणसांनीं दाखविलेली १९५७ ची खूण खरीच होती. परंतु पाणी त्या खुणेपाशीं थांबलें नाहीं.

पाणी ओसरल्यावर दुसरें संकट उभें राहिलें. फारच थोड्या घरांचा पुराचा विमा उतरलेला होता. अमेरिकेंत घराच्या साध्या विम्यांत पुराची हानि धरलेली नसते. वादळानें छप्पर उडून पाऊस आंत आला तर भरपाई मिळते. पण तेंच पाणी जमिनीवरून दारांतून आंत शिरलें तर मिळत नाहीं. हा भेद पुष्कळांस आपत्ति आल्यावरच कळतो.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे काय?

तेथील आपत्तिनिवारण खात्यानें गांवोगांवचे नकाशे करून त्यांवर एक रेषा आंखिली आहे. तिच्या आंतील जागेस कोणत्याही एका वर्षीं पूर येण्याचा संभव शेंकडा १ किंवा त्याहून अधिक असतो. ह्यासच लोक 'शंभर वर्षांचा पूर' असें म्हणतात, आणि ह्या नांवानेंच फसतात. एकदां पूर येऊन गेला कीं आतां शंभर वर्षें चिंता नाहीं, असा अर्थ ते काढतात. तो चूक आहे.

एका गाडग्यांत ९९ पांढरे खडे व १ काळा खडा आहे असें समजा. दर वर्षीं डोळे मिटून एक खडा काढावयाचा, तो पाहावयाचा आणि परत गाडग्यांत टाकावयाचा. काळा खडा निघाला तर पूर. गेल्या वर्षीं काळा निघाला म्हणून ह्या वर्षीं तो निघणार नाहीं असें नाहीं. तो गाडग्यांतच आहे. असें तीस वर्षें केलें, तर एकदां तरी काळा खडा हातीं येण्याचा संभव शेंकडा २६ होतो, म्हणजे चारांत एकाहून अधिक. अमेरिकेंत घराचें कर्ज बहुधा तीस वर्षांचें असतें, हें येथें लक्षांत ठेवावें.

आपल्या महाराष्ट्रांतही नद्यांस निळी व लाल अशा दोन पूररेषा आहेत. निळी पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. त्यांसही गाडग्याचा हाच हिशेब लागू आहे.

आणखी एक गोष्ट. रेषा ही भिंत नव्हे. ती मागील मोजणीवरून काढलेली असते. लहान ओढ्यांची मोजणी पुष्कळदां झालेलीच नसते. डोंगर उघडे पडतात, पुलांखालीं झाडें अडकतात, पाऊस पूर्वींपेक्षां जोरानें पडतो. तेथील पूरविम्याच्या दाव्यांपैकीं बराच मोठा भाग रेषेच्या बाहेरील घरांचा असतो. कागदावर कोरडें असलेलें घर पाण्यांत कोरडें राहीलच असें नाहीं.

विमा कसा चालतो?

आग लागते ती एका घरास. पूर येतो तो सर्व आळीवर एकदम. शिवाय पुराचा विमा घ्यावयास नदीकांठचेच लोक येतात. म्हणून खासगी कंपन्या पुष्कळ वर्षें हा विमा देण्यास नाखूष होत्या. १९६५ च्या बेट्सी वादळानंतर १९६८ सालीं कायदा होऊन सरकारी योजना निघाली. तिच्यांत एक करार आहे. काऊंटीनें पूरक्षेत्रांतील बांधकामास नियम लावावे, नवीन घराचें जोतें ठरलेल्या पाणपातळीच्या खालीं नसावें. मग तेथील रहिवाशांस विमा मिळेल. काऊंटी करारांत नसेल तर रहिवाशास ह्या योजनेचा विमा मिळत नाहीं.

राहत्या घराच्या इमारतीस अधिकांत अधिक २,५०,००० डॉलर व आंतील सामानास १,००,००० डॉलर अशी मर्यादा आहे. सामानाचा विमा निराळा मागून घ्यावा लागतो. आणि नवीन विमा सामान्यतः ३० दिवसांनंतर लागू होतो. तेव्हां ढग पाहून विमा घ्यावयास धांवणाऱ्यास तो उपयोगी पडत नाहीं.

१९७३ च्या कायद्यानें रेषेच्या आंतील घरावर बँकेचें कर्ज असल्यास विमा सक्तीचा झाला. परंतु केंटकीच्या खोऱ्यांत पुष्कळ घरें वडिलोपार्जित; त्यांवर कर्ज नाहीं, म्हणून सांगणाराही कोणी नाहीं. २०२१ पासून प्रत्येक घराचें पाण्यापासूनचें अंतर, उंची व पुन्हा बांधण्याचा खर्च पाहून हप्ता ठरूं लागला. हें न्यायाचें आहे. तथापि ज्या गरिबाचें घर ओढ्यालगत आहे त्याचाच हप्ता जड होतो, आणि ज्यास विम्याची गरज अधिक तोच तो सोडून देतो. ही ह्या योजनेंतील अद्याप न सुटलेली अडचण आहे.

सरकारी मदत मिळते, हें खरें. परंतु केंद्र सरकारची मदत राष्ट्राध्यक्षानें आपत्ति जाहीर केली तरच मिळते. ती घर राहण्याजोगें करण्यापुरती असते, गेलेलें सर्व परत देण्यास नव्हे. आणि कर्ज मिळालें तर तें फेडावें लागतें. विम्याच्या दाव्यास अशा जाहीरनाम्याची गरज नसते.

पैशापलीकडचा उपाय

विमा पाणी अडवीत नाहीं. म्हणून कांहीं ठिकाणीं सरकार वारंवार बुडणारीं घरें मालकाच्या संमतीनें विकत घेऊन ती जागा कायमची मोकळी ठेवतें. पूर्व केंटकींत कोळशाच्या खाणींसाठीं ज्या डोंगरांचे माथे सपाट केले गेले होते, त्यांवर पुरानंतर नव्या वसाहती बांधण्यास आरंभ झाला. खोरें सोडून वर जाणें सोपें नाहीं; पिढ्यांची ओळख मागें राहते. पण काळा खडा त्या घराच्या गाडग्यांतून निघून जातो.

कृष्णा व पंचगंगा यांचे २०१९ व २०२१ चे पूर आपल्या लोकांस आठवत असतील. पीकविमा पिकापुरता असतो. घरास तो लागू नाहीं. घरासाठीं १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' हें विमापत्र निघालें आहे, व त्यांत पूर धरलेला आहे. आपल्या घरास तें मिळतें काय, आणि सामान किती धरलें आहे, हें उन्हाळ्यांतच विचारून घ्यावें, आणि उत्तर लेखी घ्यावें.

विचारार्थ प्रश्न

१. काळा खडा गेल्या वर्षीं निघाला, तर ह्या वर्षीं निघण्याचा संभव कमी होतो काय? कां?

२. पूररेषेच्या बाहेरील घरासही भय कां असतें? तीन कारणें सांगा.

३. खासगी कंपन्या पुराचा विमा देण्यास नाखूष कां होत्या?

४. आपल्या गांवांत आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची खूण कोठें आहे? तिच्याहून सहा फूट पाणी अधिक आलें तर कोणतीं घरें बुडतील? गांवांत फिरून तीं मोजा.