दाढीचा फेस

फेस हा पाते घसरावे म्हणून असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः केसांवर पाणी धरून ठेवणे, हेही त्याचे तितकेच महत्त्वाचे कार्य होय. कोरडा केस चिवट असतो; दोन-तीन मिनिटे पाणी मुरले म्हणजे तो मऊ पडतो आणि पाते त्वचेला न ओरबाडता फिरते. म्हणूनच या साबणात स्टिअरिक आम्लाचे सोडियम व पोटॅशियम असे दोन्ही क्षार योजतात. पहिल्याने वडीला घट्टपणा येतो, तर दुसऱ्यामुळे ती पाण्यात सहज विरघळते.

ब्रश भिजवून निथळावा, वडीवर अर्धा मिनिट फिरवावा आणि मग थेंबाथेंबाने पाणी घालावे. फुगलेला, हलका फेस दिसताच बहुतेक जण थांबतात. त्यात हवाच अधिक असते. आणखी किंचित पाणी घालून घोटत राहिल्यास मोठे बुडबुडे मोडतात आणि सायीसारखा तुकतुकीत फेस उरतो.

विहिरीच्या दुष्फेन पाण्यात मात्र हे कौशल्य फारसे चालत नाही. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार होतो. तेथे साबण अधिक घ्यावा. स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी असल्यास उत्तमच.