आधी मॅट, मग कॅमेरा

पालकहो, जालन्यात, परतूरला, भोकरदनला, कुठेही संध्याकाळी पांढऱ्या ड्रेसमधली मुलं कराटेच्या क्लासला निघालेली दिसतात. त्यातल्या एखाद्याची किक रीलवर जोरात चालते, मामा-काका कौतुक करतात आणि रात्री जेवताना पोरगं जाहीर करतं, "मला सिनेमात जायचंय." मग काही घरांत त्याला झापून गप्प केलं जातं, तर काही घरांत लगेच मुंबईतल्या कुणाचा तरी नंबर शोधला जातो. मला दोन्हींची काळजी वाटते, म्हणून हे बोलणं.

उदाहरण म्हणून अभिनेत्री रितिका सिंग घ्या. ती मुंबईची मुलगी. कराटे आणि किकबॉक्सिंग तिला लहानपणापासून वडिलांनीच शिकवलं. 2009 च्या आशियाई इनडोअर स्पर्धेत ती भारताकडून खेळली, पुढे सुपर फाइट लीगमध्येही उतरली. दिग्दर्शिका सुधा कोंगरा यांना बॉक्सरच्या भूमिकेसाठी खरोखर लढणारी मुलगी हवी होती आणि त्यांचा शोध रितिकापाशी येऊन थांबला. 2016 च्या जानेवारीत आर. माधवनसोबतचा तो सिनेमा तमिळमध्ये ‘इरुधी सुट्रू’ आणि हिंदीत ‘साला खडूस’ या नावांनी लागला. पहिल्याच भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. त्याच वर्षी, त्याच विशेष उल्लेखाच्या यादीत ‘सैराट’साठी आपल्या अकलूजच्या रिंकू राजगुरूचंही नाव होतं.

यातला क्रम नीट बघा. आधी कितीतरी वर्षं मॅटवर गेली आणि सिनेमा नंतर आला. रितिकाची निवड झाली, कारण ती खरी खेळाडू होती. त्यामुळे ऑडिशनसाठी क्लास बुडवणं, ब्लॅक बेल्टच्या आधीच फोटोशूट करणं, हे मला उलटं वाटतं. ज्या गुणामुळे उद्या मुलाला कुणी विचारणार आहे, तोच आपण अर्धवट सोडायला लावतो.

पण फक्त किक चांगली असून भागत नाही, हेही मुलांना सांगायला हवं. लढतीत प्रतिस्पर्ध्याला चेहऱ्यावरून काही कळू द्यायचं नसतं. दम लागला, पाय दुखला, भीती वाटली, सगळं आत दाबायचं. कॅमेऱ्यासमोर नेमकं तेच बाहेर यावं लागतं. सामन्यातला ठोसा समोरच्याला चकवून बसवायचा असतो. पडद्यावरचा ठोसा आधी ठरलेला असतो, लागल्यासारखा दिसायचा पण लागायचा नसतो आणि समोरच्यानेही तो तितक्याच जिवंतपणे झेलायचा असतो. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा, न कंटाळता करावा लागतो. कराटेतल्या मुलाला काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, हजारदा घोटायची सवय असते, ती इथे फार कामाला येते. रडायची, चिडायची, मनमोकळं हसायची सवय मात्र वेगळी लावावी लागते.

ती कुठे लागणार? शाळेच्या गॅदरिंगमध्ये, एकांकिकेत, बालनाट्यात. बलोपासना सांगणाऱ्या समर्थ रामदासांचं जांब आपल्याच घनसावंगी तालुक्यात आहे. त्यामुळे शरीर कमावण्याचं महत्त्व आपल्याकडे कुणाला पटवावं लागत नाही. नाटकाच्या तालमीला मात्र आपण मुलांना अभ्यासाचं कारण देऊन पाठवत नाही. पाठवा. पुढे मनापासून शिकायचंच असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालयही आहे. या दोन्ही ठिकाणी अभिनयाच्या मुख्य अभ्यासक्रमासाठी पदवी लागते. सिनेमासाठी शिक्षण सोडायला निघालेल्या मुलाला एवढी एक गोष्ट शांतपणे सांगून बघा. ‘सैराट’नंतर एवढी प्रसिद्धी मिळूनही रिंकूने 2017 साली दहावीची परीक्षा बाहेरून दिली आणि पुढे बारावीही केली.

मूल 14 वर्षांच्या आतलं असेल, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. शाळा बुडू नये ही जबाबदारीही त्याचीच. मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने ठेवावा लागतो, आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामाला लावता येत नाही. शेवटची अट आपल्यालाही लागू आहे, कारण कधी कधी हौस मुलाची नसते, आपलीच असते. त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा आणि तो नाही म्हणाला तर ते ऐका.

काम देणारा माणूस काम देण्याआधी पैसे मागत नाही. नोंदणी, पोर्टफोलिओ, ‘सिलेक्शन झालंय, फक्त फी भरा’ असा फोन आला, तर एक रुपयाही पाठवू नका. आणि ऑडिशन कितीही मोठी असली तरी मुलाला किंवा मुलीला एकटं मुंबईला धाडू नका. सोबत तुम्ही स्वतः जा.