निवेदकाची घडण : आवाज, उच्चार आणि बोली

प्रास्ताविक

नभोवाणीची संहिता कागदावर कितीही चांगली उतरली, तरी श्रोत्यापर्यंत ती निवेदकाच्या आवाजातूनच पोहोचते. प्रस्तुत घटकात आपण आकाशवाणी केंद्रावरील निवेदकाला प्रशिक्षकाने कसे घडवावे, याचा विचार करणार आहोत.

१. सार्वजनिक प्रसारणाचे वेगळेपण

२३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले आणि भारतात संघटित नभोवाणी प्रसारणास प्रारंभ झाला. १९९७ पासून आकाशवाणी प्रसार भारतीच्या अखत्यारीत आहे. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे तिचे ब्रीद. या ब्रीदातील ‘बहुजन’ म्हणजे शेतावर, होडीवर, स्वयंपाकघरात काम करता करता ऐकणारी माणसे. त्यांना भारदस्त आवाजापेक्षा विश्वासाचा आवाज हवा असतो. म्हणून निवेदकाने हजारोंच्या सभेपुढे बोलल्यासारखे न बोलता समोर बसलेल्या एका माणसाशी बोलावे.

२. ध्वनिमुद्रण ऐकण्याची बैठक

प्रशिक्षणाचे मुख्य साधन म्हणजे निवेदकाचेच ध्वनिमुद्रण. ते दोघांनी मिळून ऐकावे. या बैठकीत तीन पथ्ये पाळावीत :

(अ) प्रथम निवेदकाला बोलू द्यावे. स्वतःच्या कानाने पकडलेली चूक लवकर सुटते.
(आ) एका बैठकीत एकच मुद्दा घ्यावा. श्वास, गती, उच्चार असे सारे एकदम सांगितल्यास निवेदक पुढच्या वेळी मजकुराऐवजी स्वतःकडेच लक्ष देतो.
(इ) प्रसारणाच्या अगदी तोंडावर दोष दाखवू नयेत. त्या वेळी धीर द्यावा.

३. आघात आणि उच्चार

‘उद्या सकाळी नऊ वाजता धरणातून पाणी सोडले जाईल’ हे वाक्य मोठ्याने वाचा. नवखा निवेदक बहुधा ‘जाईल’वर जोर देतो. नदीकाठच्या श्रोत्याच्या दृष्टीने मात्र ‘उद्या’ आणि ‘नऊ’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ‘अर्थ कोणत्या शब्दात आहे?’ असे प्रशिक्षकाने विचारावे. आघात आपोआप जागेवर येतो.

मराठीत च, ज, झ यांचे दोन उच्चार आहेत. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’ या क्रियापदाचा आज्ञार्थी ‘जग’ लिहिताना सारखे, पण उच्चारात वेगळे. येथे चूक झाल्यास अर्थच बदलतो. म्हणून ती सुधारलीच पाहिजे. प, फ, भ यांचा श्वास ध्वनिक्षेपकावर आदळत असल्यास तोंड किंचित बाजूला ठेवून बोलण्याचा सराव द्यावा.

४. बोलीचा प्रश्न

वऱ्हाडी किंवा अहिराणी घरात वाढलेला निवेदक ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणतो, तेव्हा प्रशिक्षकाची खरी परीक्षा असते. बातमीपत्रात प्रमाण उच्चाराचा संकेत आहे आणि तो शिकवावा. परंतु ‘तुझे बोलणे अशुद्ध आहे’ असे म्हणू नये. बोली ही भाषेची विकृती नसून तिचे एक रूप आहे. अशुद्ध ठरवला गेलेला निवेदक स्वतःचा आवाज लपवून उसना आवाज काढू लागतो आणि तो उसनेपणा श्रोत्याला लगेच जाणवतो. शेतकऱ्याच्या मुलाखतीत तर बोलीची लय हाच संवादाचा आधार ठरतो. अर्थाला बाधा आणणारे तेवढे सुधारावे, माणसाची ओळख सांगणारे राखावे, हे सूत्र येथे उपयोगी पडते.

सारांश

निवेदकाला नवा आवाज देणे हे प्रशिक्षकाचे काम नव्हे. आहे तो आवाज स्पष्ट, निर्भय आणि श्रोत्याभिमुख करणे हे त्याचे काम होय.

स्वाध्याय

१. एखादी स्थानिक सूचना वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. ती ऐकून सुधारण्याजोगा एकच मुद्दा लिहा.
२. आपल्या बोलीतील कोणती उच्चारवैशिष्ट्ये निवेदनात राखावीत व कोणती टाळावीत, ते सकारण स्पष्ट करा.