मेंदूचे पहारेकरी

(मेंदूत होणारा दाह आणि उतारवयात होणारे मेंदूचे रोग यांचा संबंध शास्त्रज्ञांनी कसा शोधून काढला, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, खेळताना पडून तुमचा गुडघा कधी ना कधी फुटला असेलच. अशा वेळी जखमेची जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकू लागते. यालाच दाह म्हणतात. दाह म्हणजे शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली धावपळ. रक्तातील पांढऱ्या पेशी जखमेकडे धाव घेतात, रोगजंतूंना मारतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा साफ करतात. काम संपले की सूज ओसरते.

पण दाह थांबलाच नाही तर? मग रक्षण करणाऱ्या पेशी चांगल्या भागालाही इजा करू लागतात. संधिवाताच्या एका प्रकारात असेच घडते. बोटांचे सांधे वर्षानुवर्षे सुजलेले राहतात आणि हळूहळू झिजून वाकडे होतात.

आता एक प्रश्न विचारू या. असा दाह मेंदूतही होतो काय? मेंदू कवटीच्या आत असतो. त्याची सूज आपल्याला दिसत नाही. शिवाय मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना जाणवत नाही. त्यामुळे शरीराच्या रक्षणाच्या कामापासून मेंदू अलग आहे, असे शास्त्रज्ञ बराच काळ समजत होते.

खरे तर मेंदूलाही स्वतःचे पहारेकरी आहेत. त्यांची ओळख स्पेनमधील पीओ देल रीओ-ओर्तेगा या शास्त्रज्ञाने १९१९ साली करून दिली. मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारात बुडवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तेव्हा त्यांना बारीक फाटे असलेल्या लहान लहान पेशी स्पष्ट दिसल्या. या पेशींना त्यांनी मायक्रोग्लिया असे नाव दिले. मेंदूला इजा झाली की या पेशी फाटे आखडून घेतात, फुगतात आणि कचरा गिळू लागतात, हेही त्यांनी दाखवले. आज आपल्याला माहीत आहे, की निरोगी मेंदूतही या पेशींचे फाटे सतत हलत असतात. जणू पहारेकरी गस्त घालत आहेत!

पुढे अनेक वर्षे या पेशींकडे फार थोड्या लोकांनी लक्ष दिले. ते लक्ष वेधून घेण्याचे मोठे काम कॅनडातील एका दांपत्याने केले. त्यांची नावे पॅट्रिक मॅकगीर आणि ईडिथ मॅकगीर. पॅट्रिक यांचे जीवन मोठे मजेदार होते. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते कॅनडाकडून बास्केटबॉल खेळले. त्यांनी आधी रसायनशास्त्राचा अभ्यास केला, मग डॉक्टरची पदवी घेतली. पुढे ते आपल्या प्रांताचे शिक्षणमंत्रीही झाले. पण संशोधन त्यांनी सोडले नाही. ईडिथ या रसायनशास्त्रज्ञ होत्या. व्हँकूव्हर शहरातील विद्यापीठात दोघे मिळून काम करीत.

अल्झायमरचा रोग आणि कंपवात या दोन रोगांचा ते अभ्यास करीत होते. अल्झायमरच्या रोगात माणसाची आठवण हळूहळू नाहीशी होते. कंपवातात हातपाय थरथरतात आणि हालचाली मंद होतात. दोन्ही रोगांत मेंदूतील चेतापेशी मरत जातात. त्या का मरतात?

या रोगांनी मरण पावलेल्या काही लोकांच्या मेंदूची मॅकगीर यांनी तपासणी केली. रक्षण करणारी पेशी जागी होऊन कामाला लागली, की तिच्यावर एक विशिष्ट प्रथिन मोठ्या प्रमाणात दिसू लागते. त्या प्रथिनाला रंग चढवून त्यांनी मेंदूचे काप पाहिले. १९८७ आणि १९८८ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचलेल्या प्रथिनांच्या गाठींभोवती जागे झालेले मायक्रोग्लिया दाटीने जमले होते. कंपवाताच्या रुग्णांत, ज्या भागातील पेशी मेल्या होत्या, नेमक्या त्याच भागात ते जमले होते. म्हणजे मेंदूतही दाह होता. तो गुपचूप चालला होता, एवढेच.

पण मित्रांनो, इथे घाई करून चालत नाही. जळत्या घरापाशी बंब उभा दिसला, म्हणून आग बंबाने लावली असे म्हणता येईल काय? पहारेकरी रोगाचे कारण होते, की रोग झाल्यावर मदतीला आले होते? केवळ काप पाहून हे ठरत नव्हते.

मॅकगीर यांनी मग दुसऱ्या बाजूने विचार केला. संधिवाताचे रुग्ण वर्षानुवर्षे दाह कमी करणारी औषधे घेतात. अशा रुग्णांत अल्झायमरचा रोग अपेक्षेपेक्षा कमी आढळतो, असे त्यांनी १९९० साली दाखवून दिले. सर्वांच्या आशा वाढल्या. दाह कमी केला तर रोग टळेल, असे वाटू लागले.

शास्त्रात मात्र आशा पुरेशी नसते. परीक्षा घ्यावी लागते. २००१ साली अमेरिकेत एक मोठी चाचणी सुरू झाली. सत्तर वर्षे किंवा अधिक वयाच्या अडीच हजारांहून जास्त लोकांनी तीत भाग घेतला. काहींना दाह कमी करणारे औषध दिले, तर काहींना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. या औषधांनी हृदयाला धोका होईल अशी शंका आल्यामुळे २००४ साली गोळ्या देणे थांबवावे लागले. पुढे त्या लोकांवर लक्ष ठेवले, तेव्हा औषधामुळे रोग टळला असे दिसले नाही.

मग सगळी मेहनत वाया गेली काय? मुळीच नाही. प्रश्न अधिक नेमका झाला. २०१३ साली आणखी एक धागा हाती लागला. मायक्रोग्लियाचे काम नीट चालण्यासाठी लागणाऱ्या एका जनुकात दोष असेल, तर अल्झायमरचा धोका वाढतो, असे आढळले. याचा अर्थ लक्षात आला ना? पहारेकरी बेफाम झाले तरी नुकसान, आणि दुबळे झाले तरी नुकसान. सर्वांना सरसकट झोपवणे हा उपाय नव्हे. त्यांना योग्य वेळी जागे करणे आणि योग्य वेळी शांत करणे कसे जमेल, याचा शोध आज जगभर चालू आहे.

२०२१ साली जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता. अल्झायमरचा रोग हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. हा रोग मुळापासून बरा करणारे औषध अजून मिळालेले नाही. म्हणून तुमच्या घरी दादी किंवा नाना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असतील, नावे विसरत असतील, तर त्यांच्यावर रागावू नका, त्यांना हसू नका. ते मुद्दाम तसे करीत नाहीत. त्यांना शांतपणे पुन्हा सांगा. अब्बा-अम्मींना सांगून त्यांना डॉक्टरांकडे न्या. मात्र दाह कमी करण्याच्या गोळ्या मनाने देऊ नका.

पॅट्रिक मॅकगीर २०२२ साली वारले. नव्वदी गाठल्यावरही ते आणि ईडिथ संशोधन करीतच होते. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून मिळायचे आहे. ते शोधणाऱ्यांत उद्या तुमच्यापैकीही कोणी असू शकेल.

शब्दार्थ
दाह – जळजळ, सूज
पहारेकरी – राखण करणारा
दांपत्य – पती-पत्नी
निष्कर्ष – तपासणीनंतर काढलेले अनुमान
स्मृतिभ्रंश – आठवण नाहीशी होणे
सरसकट – सर्वांना सारखेच

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मायक्रोग्लिया हे नाव कोणी दिले?
(आ) कंपवाताची लक्षणे कोणती?
२. कारणे द्या.
(अ) मेंदूतील दाह आपल्या लक्षात येत नाही.
(आ) २००४ साली चाचणीतील गोळ्या देणे थांबवले.
३. ‘जळते घर आणि बंब’ हे उदाहरण पाठात कशासाठी दिले आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा.
४. विसरभोळ्या झालेल्या वडीलधाऱ्या माणसाशी तुम्ही कसे वागाल? पाच-सहा ओळी लिहा.